तोरणमाळ एका दिवसात, वाटाड्या घेऊन?

शिरपूरकर: आई-वडिलांना घेऊन शहाद्याहून सातपुड्यातल्या तोरणमाळला, थंड हवेच्या ठिकाणी, एका दिवसात जाऊन यायचंय. वाटाड्या लागतोच का?

शहाद्याचा भाऊ: यशवंत तलावापर्यंत गाडी जाते, तिथे कशाला वाटाड्या? खडकी पॉइंटकडं पायी उतरायचं असेल तर मात्र गावातलाच जाणता पावरा (इथला आदिवासी) गडी घ्या. पैसे आधी ठरवा, आणि त्यालाही जेवू घाला राव. सीताखाईचा धबधबा पावसाळ्यात बघावा. मे महिन्यात नुसता कोरडा कडा. घाटात धुकं उतरतं, अंधाराआधी खाली या.

धुळेकर: डबा घरून न्या. कळण्याची (ज्वारी-उडदाची) भाकरी, ठेचा, बस्स!

शिरपूरकर: वडिलांचे गुडघे दुखतात. खडकी रद्द.

शहाद्याचा भाऊ: मग वाटाड्याही रद्द. गोरखनाथाचं दर्शन तेवढं चुकवू नका.