गर्दीच्या व्यापारी भागातली जुनी इमारत खरंच जुनी आहे का, हे बाहेरून कसं ओळखायचं?

पायवाट
शहराच्या मध्यवर्ती भागात वारसा यादीतल्या बऱ्याच इमारती आहेत. खाली दुकानं, वर पाट्या, शेजारी काचेचे टॉवर. हातात दोन-अडीच तास आहेत. काय बघावं आणि कुठून बघावं? आणि इमारत खरी जुनी आहे, की दर्शनी भिंत तेवढी ठेवून मागे सगळं नवीन बांधलंय, हे आत न शिरता कळतं का? इमारतींवर साल कोरलेलं असतं, ते कशाचं धरायचं?

दरजा
वीस इमारतींची यादी करू नका. दोन तासांत सहा-सात नीट बघून होतात, बाकीच्या नुसत्या ओलांडल्या जातात. कचेऱ्या बंद असतात त्या दिवशी सकाळी जा आणि समोरच्या फुटपाथवर उभं राहा. तळमजला आधी सोडून द्या. भाडेकरू बदलला की दुकानाचं तोंड बदलतं, पहिल्या मजल्याच्या वर मात्र सहसा कुणी हात लावत नाही. साधी ८ पटींची दुर्बीण असेल तर तोडे (सज्जाखालचे दगडी आधार), कठडे, कमानीतला कळीचा दगड स्वच्छ दिसतो.

टॉवरांच्या गल्लीत ऊन दिवसातून थोडाच वेळ भिंतीवर येतं. ते भिंतीला घासून तिरकं पडतं तेव्हा छिन्नीचे घाव उठून दिसतात. समोरून पडलं की तीच भिंत सपाट वाटते.

सालाबद्दल: कोनशिलेवरचं साल पायाभरणीचं असतं, माथ्यावरचं बहुधा बांधकाम पूर्ण झाल्याचं. ‘स्थापना’ असं लिहिलं असेल तर ते पेढीचं साल, इमारतीचं नव्हे. सगळ्यात जास्त फसगत इथेच होते.

ओळंबा
नुसती दर्शनी भिंत राखलेली इमारत ओळखायला खिडकीतून आत बघा. मागचे नवे मजले जुन्या खिडक्यांशी क्वचितच जुळतात. काचेमागे अर्ध्यावर स्लॅबची कड किंवा छतातल्या दिव्यांची रांग दिसली, की आतलं सगळं नवीन. मग बाजूच्या बोळात शिरा. पुढे चिरेबंदी आणि वळताच दोन-तीन मीटरवर काँक्रीट, म्हणजे उत्तर मिळालंच.

मजल्यांची उंची आणि भिंतीची जाडी या दोन गोष्टी बरंच सांगतात. लिफ्ट येण्याआधी मानाचा मजला पहिला किंवा दुसरा. तिथे खिडक्या उंच, वर जाल तशा त्या बुटक्या होत जातात. जाडीसाठी शिकागोची मोनॅडनॉक इमारत बघण्यासारखी आहे. १८९१ चा उत्तर भाग सोळा मजले, बाहेरच्या विटांच्या भिंतीच भार पेलतात, म्हणून तळाशी भिंत तब्बल ६ फूट जाड. त्याला लागूनच १८९३ चा दक्षिण भाग पोलादी सांगाड्यावर उभा आहे. दोन वर्षांत बांधकाम कसं पालटलं ते एकाच फुटपाथवरून दिसतं.

खिडकीची चौकटही बघा. लंडनमध्ये आगीच्या भीतीने १७०९ पासून लाकडी चौकट भिंतीच्या पृष्ठभागापासून ४ इंच आत घेणं सक्तीचं झालं, आणि १७७४ च्या कायद्याने ती विटांच्या मागे दडवायला लावली. चौकट भिंतीच्या रेषेतच असेल तर घर १७०९ च्या आधीचं असण्याची शक्यता मोठी.

चुनखडी
ओळंबा, खिडकीचा नियम एकटा वापरू नये. १७०९ चा कायदा लंडन आणि वेस्टमिन्स्टरपुरताच होता, इतर गावांनी ती पद्धत बरीच उशिरा उचलली. शिवाय खिडक्या बदलल्या जातात. भिंत, छप्पर आणि खिडकी तिन्ही एकच काळ सांगत असतील तरच त्यावर विसंबा.

ओतकाम
दगडासारखी दिसणारी प्रत्येक दर्शनी बाजू दगडाची नसते. न्यूयॉर्कच्या सोहो भागात ओतीव लोखंडाच्या बाजूच बाजू आहेत. तिथे खिशात लहानसं चुंबक ठेवा आणि रस्त्यावरून हात पोचेल त्या खांबाला अलगद टेकवा. चिकटलं तर लोखंड. न चिकटलं तर दगड, किंवा नंतर बसवलेला फायबरग्लासचा तुकडा. बोटाने टकटक केलं की फायबरग्लास पोकळ वाजतो. चुंबक नसेल तर खांबाच्या सांध्यातून ओघळलेला तांबूस गंज आणि रंगाखाली बुजलेली बोल्टची डोकी शोधा. एकाच साच्यातून निघालेली कमान ओळीने तशीच्या तशी येते, तीही खूण. ब्रॉडवेवरची हॉवआउट इमारत याच घडणीची. ओटिसची पहिली प्रवासी लिफ्ट १८५७ मध्ये तिथेच बसली.

पायवाट
मोलाची माहिती. आणखी एक: काही ठिकाणी दगड झिजून आत गेलाय आणि दरजा (दगडांमधले भरलेले सांधे) बाहेर उभ्या आहेत. उलटं व्हायला हवं ना?

चुनखडी
हो, उलटंच व्हायला हवं. दरजा दगडापेक्षा मऊ असायला हव्यात, म्हणून जुन्या गवंड्यांनी चुना वापरला. भिंतीतली ओल चुन्यातून बाहेर पडते, झिजायचं ते दरजेत झिजतं, आणि दरजा पुन्हा भरता येते. नंतर कुणी तिथे सिमेंट भरलं की ओलीची ती वाट बंद होते. मग ती दगडातून निघते, क्षार पृष्ठभागाखाली साठतात आणि दगडाचा पापुद्रा सुटतो. पाऊस थांबल्यावर तास-दोन तासांनी बघा, सिमेंटच्या कडेने दगड ओला, काळपट राहिलेला दिसेल.

कोपऱ्यातला दगड सरळ रेषेत तडकला असेल तर कारण वेगळं. आत लोखंडी आकडा किंवा तुळई गंजलेली असते. गंजाला मूळ लोखंडाच्या कितीतरी पट जागा लागते, तो दगडाला आतून रेटतो. अशा कोपऱ्याखाली उभे राहू नका, फोटो पलीकडच्या फुटपाथवरून काढा.