हातात फोन आहे ना, मग कॉम्प्युटर कशाला?

चाळकरी: परवा इथे एका सद्गृहस्थांनी लिहिलं, "२०१६ला जिओ आलं तेव्हाच गरीब-श्रीमंतांमधली डिजिटल दरी बुजली. वस्तीतले कॉम्प्युटर वर्ग म्हणजे देणगीदारांच्या फोटोंची सोय." त्यावर अंगठ्यांचा पाऊस. म्हणून हा वेगळा धागा.

पुण्यात पर्वतीच्या पायथ्याशी वस्तीतल्या पोरांना दोन वर्षं शनिवार-रविवार कॉम्प्युटर शिकवतोय. पहिल्याच दिवशी एकोणीस वर्षांचा एक पोरगा आला. फोनवर रील असं कापतो-जोडतो की मला सात जन्मांत जमणार नाही. माउस सरकवत टेबलाच्या कडेला नेला आणि थांबला. "सर, जागा संपली." माउस उचलून मागे ठेवायचा असतो, हे त्याला आजवर कोण सांगणार होतं? २०२३ची तलाठी भरती कॉम्प्युटरवरच झाली. तिथे घड्याळ थांबतं का याच्यासाठी?

थेटबोल: ते सद्गृहस्थ मीच. माउस पाच मिनिटांत येतो हो! १९९९ला दिल्लीत कालकाजीला भिंतीत कॉम्प्युटर बसवला, पोरं आपली आपण शिकली. माझा भाचा तीन महिने गल्लीतल्या क्लासला गेला, सर्टिफिकेट आणलं. सेव्ह केलेली फाइल कुठे गेली ते मलाच विचारतो.

चाळकरी: भिंतीचं सांगू नका. आम्हीही एक मशीन मोकळं सोडून पाहिलं. आठवडाभर एकाही मुलीला खुर्ची मिळाली नाही. शेवटी वेळा लावाव्या लागल्या.

गोवंडीची_थोरली: "हातात फोन" म्हणजे कोणाच्या हातात? लॉकडाउनमध्ये आमच्याकडे फोन एक, भावंडं तीन. फोन दिवसभर बाबांबरोबर कामावर. रात्री अकराला ते आले की सरांनी पाठवलेले फळ्याचे फोटो मी वहीत उतरवायची, बॅटरी उतरेपर्यंत. माझी दहावी अशी झाली. तुमची दरी कुठे बुजली ते पत्त्यासकट सांगा.

निवृत्त_टंकलेखक: सगळं खरं, पण मराठी कोणत्या कीबोर्डवर शिकवता? फोनेटिक, म्हणजे इंग्रजी अक्षरं दाबून मराठी उमटवायचं, तसलं असेल तर कल्याणच आहे.

चाळकरी: काका, फोनेटिकच. पोरं फोनवर तसंच लिहितात.

निवृत्त_टंकलेखक: म्हणजे 'क' काढायला आधी इंग्रजी आठवायचं! इनस्क्रिप्ट म्हणजे भारतीय लिप्यांसाठीच केलेली कीबोर्डची मांडणी; त्यात स्वर नि मात्रा डाव्या हाताला, व्यंजनं उजव्या. 'डी' दाबला की पाय मोडतो. किती सोपं! मिनिटाला तीस शब्द लागतात लिपिकाला. अंदाजाने बोटं टोचून होतात का? एकतीस वर्षं कचेरीत मराठी बडवलंय मी.

मराठी_तंत्री: आला काकांचा हट्ट. अहो, आता बोललं की टाइप होतं.

निवृत्त_टंकलेखक: परीक्षेच्या हॉलमध्ये बोला मग. शेजारचाही पास होईल.

मराठी_तंत्री: तुमच्या पिढीने कीबोर्डाचं सोवळं केलं, म्हणून पोरं मराठी सोडून रोमनमध्ये लिहितात.

निवृत्त_टंकलेखक: सोवळं?? रात्रशाळेत फुकट शिकवलंय मी. तुम्ही काय शिकवलंत, इमोजी?

गोवंडीची_थोरली: इथे वस्तीतल्या मुलांबद्दल बोलणं चाललं होतं बहुतेक. आणि काका, मी इनस्क्रिप्टच शिकले. पहिले पंधरा दिवस रडले, आता बघावं लागत नाही. त्यावरच नोकरी लागली.

मराठी_तंत्री: झालं! आता काका आठवडाभर झोपणार नाहीत.

थेटबोल: बरं बाबा, मुलींच्या खुर्चीचं मान्य. माउसचंही निम्मं मान्य. फोटोंवर मात्र ठाम आहे. तुमच्या बॅनरवर देणगीदाराचं नाव केवढं आणि वस्तीचं केवढं, मोजा जरा.

चाळकरी: आत्ता बघून आलो. वस्तीचं नावच नाहीये.

थेटबोल: 😀

निवृत्त_टंकलेखक: माझ्याकडे दोन कीबोर्ड पडून आहेत, मराठी अक्षरं चिकटवलेले. शनिवारी आणून देतो. त्यावर फोनेटिक चालवताना दिसलात तर तिथूनच उचलून परत नेईन.