मंडळाच्या सभासदांसाठी सॉफ्टवेअर घ्यायचंय, सुरुवात कुठून करू?

पायवाट:
नमस्कार मंडळी. आमचं ट्रेकिंगचं मंडळ आहे, रीतसर रजिस्टर्ड, साधारण साडेसहाशे सभासद. आजीव, वार्षिक, विद्यार्थी आणि कुटुंब असे चार प्रकार. सगळा कारभार एका एक्सेलवर चालतो आणि ती एक्सेल तीन जणांकडे तीन वेगवेगळी आहे. मेल जीमेलवरून बीसीसी करून जातात, दिवसाला 500 ची मर्यादा असल्यामुळे सभेची नोटीस दोन दिवसात पाठवावी लागते. गेल्या महिन्यात वर्गणीची आठवण म्हणून मेल गेला तो आमच्या एका दिवंगत सभासदांच्या घरीही गेला, पत्ता नवराबायकोचा एकच होता. काकूंचा फोन आला, त्या रागावल्या नाहीत, नुसतं "ह्यांचं नाव आता काढा हं" म्हणाल्या. तेव्हापासून मनाला लागून राहिलंय. कार्यकारिणीने सॉफ्टवेअरसाठी काय काय हवं ते लिहून आणायला सांगितलंय. कुठलं घ्यावं?

ओसरी:
कुठलं घ्यावं हे सगळ्यात शेवटी बघा. आधी कागदावर ठरवा की सभासद म्हणजे कोण. ऐकायला सोपं वाटतं पण आमच्या वाचनालयात यावरच तीन बैठका गेल्या. कुटुंब सभासदत्वात मतं किती? मार्चला वर्गणी संपली आणि मे मध्ये भरली तर मधल्या काळात तो सभासद होता का? विद्यार्थी पास झाला की त्याला वार्षिकमध्ये कोण टाकणार? ही उत्तरं तुमच्या घटनेत असतील तर ठीक, नसतील तर आधी कार्यकारिणीत ठराव करून घ्या, कारण सॉफ्टवेअरवाला स्वतःच्या मनाने काहीतरी धरून चालतो आणि मग निवडणुकीच्या यादीवरून भांडणं होतात.

आणि ईमेल पत्ता म्हणजे सभासद नव्हे. माणूस वेगळा नोंदवा, घर वेगळं, पत्ता वेगळा. एका पत्त्यावर दोन माणसं असू शकतात. तुमच्या काकूंच्या बाबतीत नेमकं हेच झालं.

घाटमाथा:
ओसरीताई म्हणतात ते अगदी बरोबर. मी एका संस्थेसाठी सिव्हीसीआरएम नावाचं सभासदांच्या नोंदी ठेवायचं सॉफ्टवेअर बसवलंय, फुकट आणि मुक्त आहे, वर्डप्रेसच्या वेबसाइटवरही चालतं. त्यात व्यक्ती आणि घर अशा वेगळ्या नोंदी असतात, आणि माणूस दिवंगत म्हणून खूण केली की सामूहिक मेल जाणं थांबतं. नुसतं मेलमॅन, म्हणजे ईमेलच्या याद्या चालवणारं सॉफ्टवेअर, घेतलं तर यादी छान सांभाळेल पण वर्गणी कोणाची संपली ते त्याला कळणार नाही.

एक गोष्ट मात्र मोठ्या अक्षरात लिहा, याद्या दोन हव्यात. ट्रेकची माहिती, फोटो वगैरे एक यादी, तिच्यातून कोणीही एका क्लिकवर बाहेर पडू शकेल. सर्वसाधारण सभेची नोटीस दुसरी. ट्रेकचे मेल बंद केले म्हणून कोणाची सभेची नोटीस बुडली तर सभाच अडचणीत येते. आणि मेल स्वतःच्या डोमेनवरून (मंडळाच्या नावाच्या इंटरनेट पत्त्यावरून) पाठवा, एसपीएफ आणि डीकेआयएम नीट लावून, म्हणजे मेल खरोखर तुमच्याकडूनच आलाय हे पटवणाऱ्या सेटिंग्ज. फेब्रुवारी 2024 पासून गूगलने याबाबत नियम कडक केलेत, नाहीतर मेल स्पॅममध्ये जाऊ शकतात.

जुना डेटा युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही संगणकावर मराठी नीट दिसेल अशा पद्धतीत, आहे का?

पायवाट:
अर्धाच. 2009 च्या आधीची नावं जुन्या फाँटमध्ये टाइप केलेली, उघडली की नुसती इंग्रजी अक्षरं आणि कंस दिसतात. कुलकर्णी तीन स्पेलिंगांनी आहेत.

घाटमाथा:
मग सॉफ्टवेअरच्या आधी दोन महिने सफाईसाठी धरा. कन्व्हर्टरने बदलून झाल्यावरही प्रत्येक नाव माणसानेच वाचायला हवं, जोडाक्षरं हमखास बिघडतात. फोन करणारे चार जण बसवा, पत्ता, नंबर खात्री करून घ्या आणि त्याच फोनवर मेल पाठवायची संमतीही विचारून तारखेसकट नोंदवा. 2023 चा डेटा संरक्षण कायदा आलाय, संमतीची नोंद हाताशी असलेली बरी.

ओसरी:
आणि आजीव सभासदांना आधी फोन करा. वयस्कर मंडळी त्यातच जास्त असतात.

पायवाट:
खूप आभार दोघांचे. रविवारी बैठक आहे, आधी सभासद कोण हाच विषय घेतो. काकूंना मी स्वतः जाऊन भेटणार आहे, त्यांना ट्रेकची पत्रकं हवीत का तेही विचारतो, पूर्वी दोघं जोडीने यायचे.