स्लाइडवर मजकूर कमी ठेवा म्हणे! आणि नंतर ती वाचणाऱ्याने काय करायचं?

शेवटचा बाक:
प्रेझेंटेशनचं कुठलंही ट्रेनिंग घ्या, पहिला उपदेश ठरलेला: मजकूर कमी, चित्र मोठं, बाकीचं तुम्ही बोला. माझं स्पष्ट मत आहे की ऑफिसात हा सल्ला कुचकामी आहे. तो स्टेजवरून भाषणं देणाऱ्यांकडून आलाय. त्यांची स्लाइड भाषणाबरोबर संपते, आपली मीटिंगनंतर मेलवर फिरत राहते. आणि बऱ्याचदा जे साहेब मीटिंगला आलेच नाहीत, त्यांचीच सही लागते. त्यांना डोंगर चढणाऱ्या माणसाचा फोटो आणि खाली 'पुढची झेप' एवढंच दिसलं तर ते मंजूर काय करणार? अमेरिकन लेखक-गुंतवणूकदार गाय कावासाकींचा 10-20-30 नियम (10 स्लाइड, 20 मिनिटं, 30 पॉइंटचा फॉन्ट) जो तो ऐकवतो. तो मुळात गुंतवणूकदारांपुढे कल्पना मांडणाऱ्यांसाठी होता. खर्चाचा तक्ता 30 पॉइंटमध्ये बसवून दाखवा. मी तरी स्लाइड भरगच्चच करतो. पटत नसेल तर बोला.

रातराणी:
अजिबात पटत नाही. नंतर वाचायचं असतं त्याला टिपण म्हणतात, ते वेगळं लिहा. अ‍ॅमेझॉनमध्ये जेफ बेझोसनी 2004 साली वरिष्ठांच्या मीटिंगमधून पॉवरपॉइंट हद्दपार केलं. त्याजागी सहा पानांपर्यंतचं सलग लिहिलेलं टिपण आलं. मीटिंगच्या सुरुवातीला सगळे गप्प बसून ते वाचतात, मग चर्चा. तुमची भरगच्च स्लाइड धड टिपणही नाही आणि बोलण्याला आधारही नाही. पडद्यावर परिच्छेद आला की लोक तो वाचायला लागतात आणि तुम्ही काय बोलताय ते कुणाच्याच कानावर पडत नाही. त्यात तोच मजकूर मोठ्याने वाचून दाखवणारे भेटले की संपलंच.

शेवटचा बाक:
अहो, बेझोस मालक होते! मालकाने फर्मान काढलं की सहा पानं वाचली जातात. मी सहा पानं पाठवली की 'पीपीटी नाही का?' एवढंच उत्तर येतं.

उंटावरचा शहाणा:
दोघंही उगाच मजकुरावर भांडताय. संवादात शब्दांचा वाटा फक्त 7 टक्के. बाकी 93 टक्के आवाज आणि देहबोली. ताठ उभं राहायचं, नजरेला नजर द्यायची, काम फत्ते.

तिरकस:
मग मूकनाट्यच करा की, 93 टक्के बजेट तरी पास होईल. हे आकडे मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट मेहरेबियन यांच्या 1967 मधल्या प्रयोगांवरून आले. त्यात सुटे शब्द वेगवेगळ्या आवाजात ऐकवून, चेहऱ्यांचे फोटो दाखवून, बोलणाऱ्याची भावना काय असेल ते ओळखायला सांगितलं होतं. माहिती किती पोचते याच्याशी त्याचा संबंध नाही.

मुद्देसूद:
मजकूर किती, हा प्रश्नच दुय्यम आहे. कोलंबिया यानाचं उदाहरण घ्या, कल्पना चावला ज्यात होत्या ते. जानेवारी 2003 मध्ये उड्डाणाच्या वेळी फोमचा तुकडा पंखावर आदळला. यान अवकाशात असतानाच अभियंत्यांनी त्याचं विश्लेषण स्लाइडवर मांडलं. एका स्लाइडचं ठळक शीर्षक वाचून वाटावं की चाचण्यांचे आकडे सुरक्षित बाजूला आहेत. अगदी तळाच्या बारीक ओळींत होतं की चाचणीतला फोम 3 घन इंचांचा आणि आदळलेला अंदाजे 1920 घन इंचांचा. म्हणजे 640 पट! 1 फेब्रुवारीला परतताना यान तुटलं, सातही जण गेले. चौकशी मंडळाने अहवालात या स्लाइडवर बोट ठेवलं.

रातराणी:
बघा, भरगच्च स्लाइडचा प्रताप!

मुद्देसूद:
तसं नाही हो. ती 640 पटीची गोष्ट शीर्षकात असती तर खाली कितीही मजकूर चालला असता. आपल्याकडे शीर्षक असतं 'तिसऱ्या तिमाहीतील तक्रारींचा आढावा'. हे फायलीवरचं लेबल झालं. 'तक्रारी दुप्पट झाल्या, निम्म्या नव्या बिलिंगमुळे' असं लिहा. न आलेल्या साहेबांनी नुसती शीर्षकं ओळीने वाचली तरी त्यांना विषय कळायला हवा.

शेवटचा बाक:
हे मान्य. पण मग भरगच्चला तुमची हरकत नाही, असंच मी धरतो.

पॅनेलवरची:
ऑफिसचं ऑफिसात ठेवा, इंटरव्ह्यूत भरगच्च स्लाइड आणू नका. मी मुलाखती घेते. 'पहिल्या 90 दिवसांत काय कराल' यावर 10 मिनिटं दिली की लोक 22 स्लाइड आणतात. पहिल्या पाचांत आमच्याच वेबसाइटवरची आमची माहिती! आठव्या मिनिटाला उमेदवार नवव्या स्लाइडवर असतो, मग 'हे पटकन पुढे नेतो' म्हणत पानं पळवतो, आणि नेमकं त्यातच त्याचं स्वतःचं डोकं चाललेलं असतं. शिफारस आधी सांगा, कारणं नंतर. आकडेमोड शेवटी बॅकअप स्लाइडमध्ये टाका. कुणी विचारलं तर स्लाइडचा नंबर टाइप करून एंटर दाबा, थेट तिथे जाता येतं. बी दाबलं की पडदा काळा होतो, मग सगळे तुमच्याकडे बघतात. मला तर प्रेझेंटेशनपेक्षा नंतरच्या प्रश्नांतच जास्त कळतं.

तिरकस:
प्रश्नांतच कळत असेल तर प्रेझेंटेशन घेता कशाला? ज्याला दिवसभर कोड लिहायचंय किंवा हिशेब तपासायचेत, त्याला वक्तृत्व स्पर्धेत का उभं करायचं? बोलघेवडे निवडले जातात आणि कामाचा माणूस घरी जातो. काही ठिकाणी तर आदल्या दिवशी स्लाइड मेलवर मागतात. म्हणजे तुमच्या आधी तुमची फाइलच इंटरव्ह्यू देऊन येते, तिथे तुमचा बी दाबून काय उपयोग?

पॅनेलवरची:
हिशेब तपासणाऱ्यालाही सापडलेली चूक समोरच्याला पटवून द्यावीच लागते ना? वक्तृत्वाला आम्ही गुण देत नाही. अडखळत बोलणारेही निवडलेत, कारण 'हे गृहीतक चुकलं तर काय?' विचारल्यावर त्यांच्याकडे उत्तर होतं. आदल्या दिवशी मागितली तर शीर्षकं पूर्ण वाक्यात लिहून पाठवा, मुद्देसूद म्हणतात तशी.

तिरकस:
अडखळणारे किती निवडले आणि किती परत पाठवले, तेही कधीतरी मोजा.

शेवटचा बाक:
तिरकस, त्यासाठी वेगळा धागा काढा, मी येतो भांडायला. रातराणी, तुमच्या टिपणाचं अजून राहिलंय: पीपीटीच हवी म्हणणाऱ्या साहेबांचं काय करायचं?

रातराणी:
टिपणच स्लाइडच्या आकाराच्या पानांवर टाकून पाठवा, नाव 'पीपीटी' ठेवा. मीटिंगमध्ये मात्र ती फाइल उघडू नका.