गोअर, चिळकांडी वगैरे

रातकिडा: 'फ्रायडे द थर्टीन्थ' (१९८०) वरचा एक लेख मराठीत करतोय. न्यू जर्सीतल्या स्काउट कॅम्पवर जेमतेम साडेपाच लाख डॉलरात उरकलेला स्लॅशर, म्हणजे एकेकाला गाठून मारणाऱ्या खुन्याचा भयपट. त्यातल्या गोअर इफेक्ट्सना, म्हणजे पडद्यावरच्या रक्तमांसाच्या करामतींना, काय म्हणावं? 'रक्तरंजित दृश्ये' लिहिलं, तर संपादकबाई म्हणाल्या, निवडणुकीची बातमी वाटते.

समईवात: बीभत्स. तयार शब्द असताना शोधाशोध कशाला? नाट्यशास्त्रात त्याचे प्रकारही आहेत. रक्तबिक्त पाहून होतो तो क्षोभज, विष्ठा-कृमी पाहून होतो तो उद्वेगी. 'क्षोभज दृश्ये' लिहा.

खाऱ्या शेंगा: क्षोभज! वाचकाला काढ्याची जाहिरात वाटेल. आणि ते इफेक्ट्स करणारा टॉम साविनी व्हिएतनाममध्ये लष्करी छायाचित्रकार होता, खऱ्या जखमा बघून आलेला माणूस. त्याच्या कामात रस कसले शोधताय? गोअरच लिहा.

समईवात: गोअरचा जुन्या इंग्रजीतला अर्थ शेण, घाण. म्हणजे तुमचा शब्द थेट उद्वेगीत गेला.

गडहिंग्लजकर: कापाकापी. आमच्याकडे व्हिडिओ पार्लरच्या पाटीवर 'कापाकापीचा पिक्चर' असं खडूनं लिहिलेलं असायचं. पुढं कुणी काही विचारत नसे.

रातकिडा: कापाकापी स्लॅशरला चालेल. पण गोअर म्हणजे वार नव्हे, वारानंतर जे दिसतं ते. 'हॅलोविन'मध्ये (१९७८) भोसकाभोसकी आहे, रक्त नावालाच. शिवाय मी एका क्रियापदाशीही अडलोय. सिनेमातला नट केव्हिन बेकन पलंगावर पडलाय आणि खालून आलेला बाण त्याच्या गळ्यातून बाहेर निघतो. खरा बेकन पलंगाखाली दुमडून बसलेला, फक्त डोकं वर. मान आणि छाती साविनीनं केलेली, खोटी. ऐन वेळी रक्ताच्या पंपाची नळी निसटली, तेव्हा खालच्या मदतनिसानं ती तोंडात धरून फुंकली. ते रक्त एका धारेनं वाहत नाही, उसासे टाकल्यासारखं येतं. 'भळभळलं' इथे बसत नाही.

सुगरण_पुणे: चिळकांडी! रक्ताची चिळकांडी उडाली.

गडहिंग्लजकर: चिळकांडी दुधाची हो. म्हशीची धार काढताना आजोबा मांजराच्या तोंडावर उडवायचे ती. रक्ताची पिचकारी.

खाऱ्या शेंगा: पिचकारी पानाची, नाहीतर रंगपंचमीची.

समईवात: 'रक्त उसळले' म्हणा.

सुगरण_पुणे: उसळतं ते तरुणांचं, मोर्चात. बरं, ते रक्त म्हणजे कॉर्न सिरप आणि खाण्याचा रंग ना? मग कृपा करून 'मक्याचा पाक' लिहू नका. पाक म्हणजे साखरेचा, एकतारी, दोनतारी. बाटलीतून ओततात तो पाक नव्हे.

समईवात: मग सरबत लिहा. सिरप आणि सरबत दोन्ही एकाच अरबी धातूचे.

खाऱ्या शेंगा: घ्या! सकाळी भरतमुनी, दुपारी अरबस्तान.

गडहिंग्लजकर: ते जाऊ द्या. 'रक्ताच्या थारोळ्यात' हे रोज पेपरात वाचतो. रक्त सोडून दुसऱ्या कशाचं थारोळं कुणी ऐकलंय का? मला वाटतं थारा वरून आलं असावं, जिथं ओघळ थांबतो ते.

सुगरण_पुणे: आमच्या सासूबाई म्हणायच्या ना, भातावर तुपाचं थारोळं.

रातकिडा: मंडळी, लेख शुक्रवारी द्यायचाय.

गडहिंग्लजकर: तुपाचं थारोळं कसलं? भाताला आळं करतात, आळं.