नॉर्वेतलं बोर्गुंड: पालिका 1964 ला गेली की 1968 ला?

शिलालेख
बोर्गुंडच्या लाकडी चर्चवर लिहितोय. गावाला स्वतःची पालिका होती, पण तिचा काळ एकीकडे 1864 ते 1964 दिलाय, दुसरीकडे 1838 ते 1968. शिवाय 1865 च्या जनगणनेत बोर्गुंड उघडलं की समुद्रकाठची वस्ती निघते. हे गाव तर डोंगरात आहे ना?

जुनं_दप्तर
दोन्ही काळ बरोबर, गावं दोन. 1838 वालं सुनमोऱमधलं, ओलेसुन शहराला लागून. 1968 ला ते ओलेसुनमध्ये गेलं. तुमचं पश्चिम नॉर्वेच्या सोग्न भागातलं. 1837 च्या कायद्याने पालिका आल्या तेव्हा ते शेजारच्या लॅर्डाल पालिकेतच होतं. 1864 ला फुटून निघालं, 1 जानेवारी 1964 ला परत लॅर्डालमध्ये.

1865 आणि 1875 ची जनगणना पालिकेप्रमाणे नाही, चर्चच्या पाळकाच्या हद्दीप्रमाणे लावलेली आहे, आणि तुमचं बोर्गुंड लॅर्डालच्या पाळकाकडे होतं. त्यामुळे 'बोर्गुंड' टाकलं की सुनमोऱच उघडणार. 1422 लॅर्डाल (1422 हा पालिकेचा क्रमांक) उघडा आणि त्यात बोर्गुंडची शेतं शोधा. 1900 ची मात्र थेट 1423 बोर्गुंडखाली मिळेल. सुनमोऱचा क्रमांक 1531. नावापेक्षा आकडा बघत चला.

फ्योर्डकर
लॅर्डाल टाइप करताना नॉर्वेजियन 'æ' हे जोडअक्षरच वापरा. साधा 'a' टाकलात तर वेस्टफोल्डमधलं लार्डाल येतं, आणि तीही आता जुनी पालिकाच: 2018 ला लार्विकमध्ये गेली.

माणसं जुळवताना आडनावावर जाऊ नका. आडनाव म्हणजे बहुतेकदा राहत्या शेताचं नाव. शेत बदललं की तेही बदलायचं. कायम आडनावाचा कायदा 1923 चा. स्वतःचं नाव, बापाचं नाव, जन्मसाल, तिन्ही जुळली तरच माणूस तोच धरा. चर्चच्या नोंदवह्या बर्गनच्या सरकारी अभिलेखागाराकडच्या.

शिलालेख
1422 मध्ये सापडलं! पण शंभर वर्षं चाललेली पालिका मोडली कशाला?

जुनं_दप्तर
एकट्या बोर्गुंडची नाही मोडली. शाळा, आरोग्य, रस्ते लहान पालिकांना झेपेनात म्हणून 1946 ला शाय समिती नेमली. तिच्या शिफारशींनंतर देशातल्या पालिका 744 वरून 454 वर आल्या.

आणि चर्च 1180 ला 'बांधलं' असं लिहू नका. 1180–81 च्या हिवाळ्यात तोडलेल्या झाडांचं लाकूड त्यात आहे, बांधकाम त्यानंतरचं. 1868 ला शेजारी नवं चर्च झालं. जुनं 1877 ला पुरावास्तू जतन करणाऱ्या संस्थेने विकत घेतलं. 1851 च्या कायद्याने खेड्यातल्या चर्चमध्ये तीन-दशांश लोकांना बसायला जागा हवी होती. त्या नियमापायी अशी कितीतरी चर्चं पाडली गेली, त्यामुळे तो लेखात आलाच पाहिजे.