कार्यालयातील औषधपेटी आणि दम्याच्या गोळ्या

कुलकर्णी वहिनी, सी-७०३ : सर्वांना नमस्कार. आपल्या सोसायटीच्या कार्यालयातील औषधपेटीत मॉन्टेलुकास्ट (दमा आणि ॲलर्जीवरचे औषध) आणि लिव्होसेट्रिझीन (ॲलर्जीवरचे औषध) एकत्र असलेल्या गोळ्यांच्या अर्धवट वापरलेल्या पट्ट्या आहेत आणि त्यांतील एक गोळी काल सर्दीने बेजार झालेल्या आपल्या रात्रपाळीच्या सुरक्षारक्षकाला देण्यात आली, असे समजले. या गोळीने झोप येऊ शकते, आणि ती दिली कोणाला, तर ज्याने रात्रभर गेट सांभाळायचे त्याला! या पट्ट्या पेटीत कोणी ठेवल्या, हे सचिवांनी कृपया सांगावे.

सावंत काका, सी-२०१ : मी ठेवल्या. त्यात लपवण्यासारखे काही नाही. घोडबंदर रोडच्या धुळीत मी ही गोळी कित्येक वर्षे घेतो आहे आणि मला काडीचाही त्रास झालेला नाही. गरजूला एक गोळी दिली म्हणून वहिनींनी एवढे आकाशपाताळ एक करण्याचे कारण कळले नाही.

पाटील, ए-५०४ : दम्याच्या मुळावर कोणीच बोलत नाही. आधी इमारतीच्या डक्टमधील (पाइपांच्या उभ्या पोकळीतील) कबुतरांची विष्ठा साफ करा आणि दाणे टाकणे बंद करा.

मेहेंदळे मॅडम, बी-६०२ : काका, आपली गोळी डॉक्टरांनी आपल्याला तपासून लिहून दिलेली आहे, सुरक्षारक्षकाला कोणी तपासले? मी अनेक वर्षे औषधांच्या दुकानात काढली आहेत, म्हणून सांगते. मॉन्टेलुकास्ट घेणाऱ्या काही जणांना भयानक स्वप्ने पडतात, चिडचिड किंवा उदासी येते आणि क्वचित आत्महत्येचे विचारही येतात. म्हणूनच अमेरिकेच्या एफडीएने (तिथल्या सरकारी औषध नियामक संस्थेने) मार्च २०२० मध्ये या औषधावर चौकटीतील इशारा, म्हणजे त्यांच्याकडचा सर्वांत कडक इशारा, छापणे बंधनकारक केले, आणि साध्या ॲलर्जीच्या सर्दीसाठी इतर औषधे लागू पडत नसतील किंवा सोसत नसतील तरच ते द्यावे, असे सांगितले.

निकम वहिनी, बी-३०४ : मॅडम, धाकट्याला, वय ८, नुकतीच मॉन्टेलुकास्टची चघळायची गोळी सुरू झाली आहे. तेव्हापासून तो रात्री दचकून उठतो. आम्ही ते परीक्षेच्या ताणावर ढकलले होते.

मेहेंदळे मॅडम, बी-६०२ : आजच्या रात्रीची गोळी देण्याआधी त्याच्या डॉक्टरांना फोन करा आणि त्रास गोळी सुरू झाल्यानंतरचा आहे, हे स्पष्ट सांगा. वागण्यात असा बदल दिसला की गोळी थांबवून लगेच डॉक्टरांशी बोलावे, असाच सल्ला दिला जातो. मात्र त्याला रोजचा स्टिरॉइडचा पंप (इनहेलर) असेल, तर तो मनाने बंद करू नका. स्पेसर, म्हणजे पंपाला जोडायची पोकळ नळी, लावून द्या आणि नंतर चूळ भरायला लावा, नाहीतर तोंडात बुरशी धरते. वयाप्रमाणे मात्राही बदलते : २ ते ५ वर्षांपर्यंत ४ मिलिग्रॅम, ६ ते १४ पर्यंत ५ आणि १५ नंतर १०. काकांच्या पट्टीतील गोळी लहान मुलाच्या हाती लागली असती, तर काय झाले असते?

पाटील, ए-५०४ : कबुतरांबद्दल कोणी बोलेल का?

शहा काकी, ए-१०२ : दाणे घालणे ही आमची श्रद्धा आहे. पाटील भाऊंनी प्रत्येक विषयात आमची कबुतरे आणू नयेत.

देसाई, सी-४०१ : कबुतरांनाच रोज एक गोळी द्यावी, म्हणजे दोन्ही बाजूंचे समाधान होईल.

मेहेंदळे मॅडम, बी-६०२ : देसाई, थट्टा पुरे. पाटील भाऊंचा मुद्दा खरा आहे. विष्ठेच्या धुळीने काहींच्या फुप्फुसांना कायमची इजा होते. पण त्यावर ही गोळी उपाय नव्हे, आणि दम्याचा झटका आल्यावरही ती उपयोगी पडत नाही. तेव्हा रुग्णाने ताठ बसून स्वतःचा झटक्याचा पंप घ्यावा. आराम पडत नसेल, तर १०८ ला फोन करावा.

सावंत काका, सी-२०१ : म्हणजे आम्ही इतकी वर्षे विषच घेत होतो, असे म्हणायचे आहे का?

मेहेंदळे मॅडम, बी-६०२ : मुळीच नाही, काका. आपल्याला मानवते आहे, तर आपल्या डॉक्टरांच्या सल्ल्याने खुशाल घ्या. फक्त वाटू नका. औषधाचा दुष्परिणाम कोणालाही १८००-१८०-३०२४ या सरकारी क्रमांकावर कळवता येतो, खर्च लागत नाही.

सचिव : यापुढे पेटीत फक्त मलमपट्टीचे सामान आणि ओआरएस राहील. सावंत काकांनी आपल्या पट्ट्या उद्या सकाळी ११ पूर्वी न्याव्यात, ही विनंती.

सावंत काका, सी-२०१ : नेतो. त्या पेटीचे कुलूपही माझेच आहे. तेही सोबत नेईन.